शांतिग्रामाची वाटचाल : नेवे शालोम–वाहत अस्-सलाम या संस्थेचा इतिहास

पूर्वपीठिका

वर्ध्यानजीकच्या सेगावी मुक्काम असताना महात्मा गांधींनी २० नोव्हेंबर १९३८ रोजी ज्यूंच्या प्रश्नावर एक लेख लिहिला आणि तो त्याच आठवड्यात, पुण्याहून निघणाऱ्या ‘हरिजन’च्या २६ नोव्हेंबरच्या अंकात प्रसिद्ध झाला. हिटलरच्या जर्मनीत ज्यूंवर चाललेल्या अत्याचारांविषयी अंतःकरणपूर्वक सहानुभूती व्यक्त करूनही त्यांनी जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा मार्ग सुचविला. आणि पॅलेस्टाइनची भूमी अरबांची असल्यामुळे तेथे वसती करावयाचीच तर ती ब्रिटिश संगिनींच्या आश्रयाने न करता अरबांच्या राजीखुशीने करावी, असे निःसंदिग्ध मत मांडले. जर्मनी सोडून त्याच वर्षी जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात आलेले तत्त्वचिंतक मार्टिन बूबर यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये या लेखाला पत्ररूपाने सविस्तर उत्तर दिले. जेथे साक्षीदाराचा आवाजच बाहेर पोहोचू दिला जात नाही, तेथे आत्मक्लेशाचे मोल कोणाच्या ध्यानी येणार, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. आणि एकाच भूमीवर दोन समाजांचे दोन हक्क खरे असू शकतात, सबब त्यांचा मेळ घालण्याचा उपाय शोधणे हेच कर्तव्य ठरते, हे त्यांचे दुसरे प्रतिपादन होते. गांधींकडून या पत्राचे उत्तर गेल्याची नोंद नाही.

बूबर यांचे हे प्रतिपादन केवळ पोथीतले नव्हते. १९२५ साली स्थापन झालेली ‘ब्रीत शालोम’ आणि १९४२ सालची ‘इहुद’ या दोन मंडळींनी ज्यू व अरब यांचे समान अधिकारांचे एकच राज्य असावे हा विचार हिरिरीने मांडला होता. विद्यापीठाचे अध्यक्ष ज्युडा मॅग्नेस हे त्या विचाराचे धुरीण होते. परंतु या मंडळींत विद्वान पुष्कळ आणि अनुयायी थोडे, त्यातही अरब सहकारी फारच विरळ, अशी स्थिती असल्यामुळे १९४८ च्या युद्धाच्या वावटळीत त्यांचा आवाज बुडून गेला. त्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी लोक घरादारांना मुकले. जे अरब नव्या इस्रायल राज्याच्या हद्दीत राहिले त्यांना नागरिकत्व मिळाले खरे, परंतु १९६६ पर्यंत त्यांचा कारभार लष्करी अंमलाखाली चालला. ज्याला दुसऱ्या गावी जावयाचे तर लष्कराचा परवाना लागतो आणि ज्याला तो लागत नाही, त्या दोघांनी एका मेजाशी बसून बोलावयाचे म्हणजे नेमके कोणत्या अटींवर बोलावयाचे, हा प्रश्न बूबर आणि गांधी या दोघांच्याही पश्चात शिल्लक उरला. ज्या संस्थेची हकीकत येथे नमूद करावयाची आहे, तिचा पन्नास वर्षांचा इतिहास हा या एकाच प्रश्नाशी चाललेल्या झगड्याचा इतिहास आहे.

संस्थापक

संस्थेचे जनक फादर ब्रूनो हुसार यांचा जन्म १९११ साली कैरो येथे झाला. वडील हंगेरियन, आई फ्रेंच, दोघेही जन्माने ज्यू, परंतु घरात धर्माचाराचा मागमूस नव्हता. शिक्षण इटालियन शाळेत झाले आणि रस्त्यावर कानी पडत होती ती अरबी. पुढे पॅरिस येथे अभियांत्रिकीचा अभ्यास करीत असता ते ख्रिस्ती धर्माकडे ओढले गेले आणि १९३५ साली त्यांनी दीक्षा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर डोमिनिकन संघात प्रवेश करून १९५० साली ते पुरोहित झाले आणि १९५३ साली, ज्यू धर्माच्या अध्ययनाचे एक केंद्र काढण्याच्या कामगिरीवर, संघाने त्यांची रवानगी इस्रायलला केली. त्या कामगिरीतून जेरुसलेममध्ये ‘यशया गृह’ उभे राहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या वेळी कार्डिनल बेआ यांच्या कचेरीला ज्यूविषयक प्रश्नात साहाय्य करणाऱ्या जाणकारांत त्यांचा समावेश होता. आणि ज्यू समाजावर ख्रिस्तहत्येचा सामुदायिक दोष ठेवण्याची शतकानुशतकांची प्रथा अमान्य करणारा जो जाहीरनामा ऑक्टोबर १९६५ मध्ये परिषदेने मंजूर केला, तो घडताना त्यांनी जवळून पाहिला. दुसऱ्या वर्षी त्यांनी इस्रायलचे नागरिकत्व पत्करले.

आपण ख्रिस्ती पुरोहित आहोत, ज्यू आहोत, इस्रायली आहोत आणि इजिप्तमध्ये वाढल्यामुळे अरबांनाही आपले मानतो, अशी चार व्यक्तित्वे आपल्या ठायी नांदतात, असे ते सांगत. ही उक्ती ऐकणारास गोड वाटे. परंतु ती बोलणाऱ्याला चारही घरांतून संशयाने पाहिले जाण्याचा अनुभव पुरेपूर येत असला पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको. यशया गृहातील विद्वज्जनांचा संवाद कितीही उच्च कोटीचा असला तरी तो सायंकाळी आटोपतो आणि मग जो तो आपापल्या वस्तीत परततो. म्हणून निरनिराळ्या समाजांचे लोक आपापल्या धर्माला व परंपरेला न सोडता एकाच गावी कायमचे राहतील, अशी योजना त्यांच्या मनाने घेतली. युद्धकला शिकविणारी विद्यालये जगात ठायी ठायी आहेत. शांती हीसुद्धा एक कला असून तिचेही शिक्षण दिले पाहिजे, हा त्यांच्या योजनेचा दुसरा भाग. पुढे जे काही घडले ते या दोन कलमांतूनच घडले.

जमीन आणि पहिली वसती

जेरुसलेम आणि तेल अवीव यांच्या दरम्यानच्या हमरस्त्यावर लात्रून म्हणून ठिकाण आहे. १८९० साली ट्रॅपिस्ट पंथाच्या मौनव्रती साधूंनी येथे मठ स्थापला, द्राक्षमळे लावले आणि मद्य गाळण्याचा व्यवसाय आरंभिला. १९४८ साली जेरुसलेमच्या या नाक्यासाठी इस्रायली फौजा आणि जॉर्डनचे अरब सैन्य यांच्यात लागोपाठ लढाया झाल्या, परंतु नाका जॉर्डनच्याच ताब्यात राहिला. आणि १९४९ च्या युद्धविराम कराराने दोन्ही बाजूंच्या रेषांमध्ये जो पट्टा कोणाचाच नाही असा शिल्लक उरला, त्यात मठाची काही जमीन पडली. याच पट्ट्यातील सुमारे शंभर एकरांची एक उजाड टेकडी मठाच्या साधूंनी १९७० साली, नाममात्र खंडावर व दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने, फादर ब्रूनो यांच्या हवाली केली.

या प्रदेशाचा वृत्तान्त लिहिताना एक गोष्ट वगळून चालणार नाही. जून १९६७ च्या युद्धात लात्रून इस्रायलच्या ताब्यात आले तेव्हा जवळचीच इमवास, यालू आणि बैत नूबा ही तीन अरब गावे रहिवाशांना हुसकून लावून जमीनदोस्त करण्यात आली, आणि पुढे त्या जागी सहलीचे विस्तीर्ण उपवन तयार झाले. शांतीचे गाव वसविण्याचा संकल्प जेथे सोडला गेला, तेथून थोड्याच अंतरावर तीन गावांच्या पायांचे दगड झाडीत पडलेले होते. पुढे गावात राहावयास आलेल्या पॅलेस्टिनी कुटुंबांना या शेजाराचा विसर पडणे शक्य नव्हते आणि ज्यू कुटुंबांनी तो पडू द्यावा की नाही, हा वादाचा विषय होता. त्या वादाला गावात मज्जाव झाला नाही, हे संस्थेच्या चारित्र्याचे लक्षण होय.

सुरुवातीची वर्षे अत्यंत हालअपेष्टांची होती. टेकडीवर ना पाणी, ना वीज, ना सावलीपुरते झाड; फादर ब्रूनो, त्यांच्या सहकारिणी ॲन ल मेन्यँ आणि येतील ते स्वयंसेवक यांनी कच्च्या खोपटांत राहून दगड वेचले आणि वाटा काढल्या. राहावयास कुटुंबे मात्र येईनात. १९७७–७८ च्या सुमारास पहिली कुटुंबे आली आणि त्यांच्याबरोबर संस्थेच्या प्रकृतीतच पालट झाला. फादर ब्रूनो यांच्या मनात धर्माधर्मांचा मेळ होता. आलेली तरुण मंडळी, मग ती ज्यू असोत वा अरब, बहुतांशी इहवादी विचाराची होती आणि त्यांचा ओढा ईश्वरविषयक चर्चेपेक्षा समान हक्कांकडे होता. नासरेथहून आलेले अब्देस्सलाम नज्जार यांच्यासारखा नेमाने नमाज पढणारा कार्यकर्ता त्यांच्यात अपवादानेच दिसे. संस्थापकाने हा पालट मनमोकळेपणाने मान्य केला आणि गावाचा कारभार गावकऱ्यांच्या स्वाधीन केला. आपल्या ध्येयाचा अर्थ दुसऱ्यांनी आपल्याहून निराळा लावावा आणि तरीही त्यांना वाट मोकळी करून द्यावी, हे संस्थापकांच्या हातून क्वचितच घडते.

गावाचे हिब्रू नाव ‘नेवे शालोम’ यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या बत्तिसाव्या अध्यायातून घेतलेले आहे; त्याला ‘वाहत अस्-सलाम’ या अरबी नावाची जोड मिळाली; दोहोंचा अर्थ शांतीचे मरूद्यान. ज्यू व अरब यांची संख्या शक्य तितकी सम राखावयाची, कारभारी मंडळ मतदानाने निवडावयाचे, मुख्य पदावर दोन्ही समाजांतील व्यक्ती येत राहतील असे पाहावयाचे आणि नव्या कुटुंबास प्रवेश देण्यापूर्वी नीट पारख करावयाची, असा शिरस्ता पडला. येथे एक खुलासा अवश्य आहे. गावातील अरब रहिवासी इस्रायलचेच नागरिक असून स्वतःस पॅलेस्टिनी म्हणवितात; पश्चिम किनारपट्टी व गाझा येथील पॅलेस्टिनींना तेथे घर करण्याची मुभा कायद्याने नाही. त्यामुळे संस्थेच्या समतेचे क्षेत्र प्रथमपासूनच मर्यादित राहिले. सरकारदरबारी गाव म्हणून मान्यता मिळण्यासही बरीच वर्षे गेली. तोवर बांधकामांचा व शिक्षणकार्याचा भार युरोप-अमेरिकेतील मित्रमंडळांच्या देणग्यांनी उचलला.

शांतिशाळा

१९७९ साली स्थापन झालेली ‘शांतिशाळा’ हे संस्थेचे सर्वांत मौलिक कार्य होय. तिच्या उभारणीत नावा सोननशाइन यांचा पुढाकार होता, आणि लंडनमध्ये ‘हबोनिम’ ही ज्यू युवक-चळवळ काढणारे वयोवृद्ध वेल्झ्ली ॲरन यांचाही तिला आधार लाभला. इस्रायलमध्ये ज्यू आणि अरब मुलांच्या शाळा वेगळ्या, वस्त्या बहुशः वेगळ्या. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या समाजाच्या समवयस्काशी जन्मात एकदाही बोललेले नसणे ही मामुली गोष्ट. अशा विद्यार्थ्यांना चार दिवस एकत्र आणावे आणि ओळख झाली की दुरावा आपोआप सरेल, अशी आरंभीची समजूत होती. एकत्र जेवण झाले, गाणी झाली, निरोपाच्या वेळी डोळे पाणावले. आणि परतल्यावर आठवड्याभरात सर्व पूर्ववत झाले. शिवाय या स्नेहसंमेलनांत अरब मुलांनीच हिब्रूत बोलावयाचे आणि दुखऱ्या गोष्टी टाळून यजमानाचे मन राखावयाचे, हा अलिखित नियम असे. त्या गोडीची किंमत एकच बाजू मोजीत आहे, हे ध्यानी आल्यावर शाळेने आपली पद्धत मुळापासून बदलली.

नव्या पद्धतीची बैठक अशी. वर्तुळात मांडलेल्या खुर्च्यांवर दोन्ही समाजांचे सारख्याच संख्येने प्रतिनिधी बसतात. संचालक दोन, एक ज्यू व एक अरब. दोन्ही भाषांना समान दर्जा असल्याची घोषणा प्रारंभीच होते आणि भाषांतराची तजवीज केलेली असते. तरीही पहिल्या घटकेतच संभाषण हिब्रूकडे घसरते, कारण बहुतेक अरबांना हिब्रू येते आणि बहुतेक ज्यूंना अरबी येत नाही. मग एखादी अरब मुलगी मध्येच आपल्या भाषेत बोलू लागते. भाषांतर होईपर्यंत खोलीतील निम्मी माणसे ताटकळतात, कोणी घड्याळाकडे पाहतो, कोणी हे मुद्दाम चालले आहे म्हणून कुरकुरतो. संचालक त्या कुरकुरीलाच चर्चेचा विषय करतात : तुम्ही पाच मिनिटे ताटकळलात, समोरचे आयुष्यभर काय करीत आले असतील? बाहेरच्या राज्यव्यवस्थेतील अधिक-उणे हे असे खोलीत उतरते आणि हाती धरून दाखविता येते. संयुक्त बैठकींच्या जोडीला प्रत्येक समाजाच्या स्वतंत्र बैठकीही होतात, कारण परक्यापुढे जी शंका उच्चारता येत नाही ती आपल्यांत उच्चारावी लागते, आणि पुष्कळदा खरा खडाजंगी वाद तेथेच होतो.

अशा शेकडो बैठकींच्या निरीक्षणातून शाळेने संवादाच्या पाच अवस्था सांगितल्या. प्रथम सभ्यपणाची चाचपणी. मग अरब गट बळ धरून आपले गाऱ्हाणे उघड मांडू लागतो. त्यावर ज्यू गट, आपण न्यायप्रिय आहोत या स्वतःविषयीच्या समजुतीला धक्का बसताच, सूत्रे पुन्हा आपल्याकडे ओढून घेतो. त्यातून कोंडी निर्माण होते, आणि आता उठून जावे असे सर्वांनाच वाटते. आणि या कोंडीतून निभावले तर पाचव्या अवस्थेत अधिक बरोबरीचे, अधिक थेट आणि कमी गोड असे बोलणे सुरू होते. प्रत्येक गट येथवर पोहोचतोच असे नाही. शिबिराच्या अखेरच्या टप्प्यात राज्याचे स्वरूप, शिक्षण, सुरक्षा अशा विषयांवर लुटुपुटीचा तह करावयास सांगितले जाते. तेव्हा कालपर्यंत जे मित्र झाले होते ते कलमागणिक हुज्जत घालतात, आणि तीच शाळेला अभिप्रेत असलेली प्रगती असते. राबाह हलाबी यांनी संपादित केलेल्या ग्रंथात ही मीमांसा साद्यंत आली असून इतर देशांतील तंट्यांचे अभ्यासकही तिचा आधार घेतात. आजवर हजारो विद्यार्थी, आणि त्यांच्यामागून वकील, नगररचनाकार, वैद्यकीय व मानसोपचार क्षेत्रातील व्यावसायिक या शाळेतून गेले. संचालकांचे शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी अनेक जण देशातील इतर शांतिकार्यांत आढळतात.

द्विभाषिक प्राथमिक शाळा

गावातील मुले शाळेच्या वयाची झाली तेव्हा त्यांना वेगवेगळ्या शाळांत धाडले तर गाव वसविल्याचा अर्थच उरणार नाही, या विचाराने बालवाडीपाठोपाठ १९८४ साली हिब्रू व अरबी या दोन्ही भाषांतून शिकविणारी प्राथमिक शाळा निघाली. इस्रायलमधील या प्रकारची ही पहिली शाळा होय. १९९० च्या सुमारास तिची दारे आसपासच्या गावांतील मुलांना उघडण्यात आली आणि यथावकाश गावाबाहेरून येणाऱ्या मुलांचीच संख्या मोठी झाली. सरकारी शिक्षणखात्याची मान्यताही मागाहून मिळाली.

ज्या बाहेरगावांहून मुले येतात त्यांत रामले आणि लोद ही नावे मराठी वाचकास अपरिचित नाहीत. कोकणातून गेलेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाची मोठी वस्ती या दोन शहरांतही आहे. ‘शनवार तेली’ म्हणून रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतके ओळखल्या गेलेल्या या समाजाने नव्या देशात जाऊनही मराठी टिकविली आणि ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालविले. त्या देशात त्यांच्या पदरी प्रथम आला तो दुजाभाव. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांच्यातील काहींनी धरणे धरून भारतात परत पाठविण्याची मागणी केली, आणि पुढे धर्मपीठाने त्यांच्या विवाहसंबंधांविषयी शंका घेतली तेव्हा १९६४ साली जेरुसलेममध्ये पुन्हा ठिय्या देऊन, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये संसदेकडून आपल्या समान दर्जाचा ठराव मिळविला. गांधींनी सेगावच्या लेखात सुचविलेला सत्याग्रहाचा उपाय त्या भूमीत कोणी प्रत्यक्ष आचरला असेल, तर त्यांत ही मराठी माणसे होती, याची नोंद या स्मरणिकेत अस्थानी होणार नाही.

शाळेचा प्रघात असा की, वर्गावर ज्यू शिक्षकाने हिब्रूत आणि अरब शिक्षकाने अरबीत बोलावे, आणि मुलांनी दोन्ही भाषा सारख्याच आत्मसात कराव्यात. प्रत्यक्षात अरब मुले थोड्याच अवधीत हिब्रू सफाईने बोलू लागतात, ज्यू मुलांची अरबी मात्र वाचनपाठापलीकडे फारशी जात नाही, आणि मधल्या सुटीत मैदानावर जिकडेतिकडे हिब्रूच ऐकू येते. शाळेचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी हा दोष वारंवार दाखविला आणि शिक्षकांनीही तो नाकारला नाही. अरबीच्या तासिका वाढविल्या, खेळ व गाणी अरबीत घेतली. परंतु दुकानाची पाटी, नोकरीचा अर्ज आणि विद्यापीठाचा प्रवेश ज्या भाषेत होतो तिचे वजन एका शाळेच्या वेळापत्रकाने कितीसे हलणार?

वर्षातील सर्वांत अवघड काळ म्हणजे वसंत ऋतूचा. ज्यू समाज युद्धात पडलेल्यांचा स्मृतिदिन पाळतो आणि लागलीच दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन साजरा करतो; १९४८ च्या त्याच घटनेला पॅलेस्टिनी समाज ‘नकबा’, म्हणजे महासंकट, म्हणतो. तिन्ही धर्मांचे सण एकत्र साजरे करणे सोपे. या दिवसांचे काय करावयाचे, यावर शिक्षकांच्या सभा रात्री उशिरापर्यंत चालत. अखेर मुलांनी काही वेळ आपापल्या समाजाच्या शिक्षकांसमवेत बसावे आणि मग एकत्र येऊन एकमेकांची हकीकत ऐकावी, अशी तडजोड रूढ झाली. ती सर्वमान्य नाही. पालक आणि शिक्षक दरसाल तिच्यावर पुन्हा वाद घालतात, आणि वाद घालण्याची सोय शाळेने राखली आहे.

मौनगृह

संस्थापकाचा मूळ धार्मिक हेतू अगदीच लोपला असे मात्र नाही. १९८३ साली गावाच्या एका बाजूस पांढऱ्या घुमटाचे एक प्रार्थनागृह उभारण्यात आले. त्यास ‘दूमिया’ म्हणतात. अरबी नाव ‘सकीना’. आत क्रूस नाही, किब्ल्याचा कमानदार कोनाडा नाही, तोरेची पेटी नाही. भुईवर बसण्याची सोय आणि वाटोळी भिंत, एवढेच. कोणत्याही धर्माच्या वा धर्म न मानणाऱ्या माणसाने यावे आणि बोलल्यावाचून बसावे. शेजारच्या मठातील साधूंच्या मौनव्रताशी याचे नाते उघड आहे. फादर ब्रूनो ८ फेब्रुवारी १९९६ रोजी निवर्तले आणि गावातच त्यांचे दफन झाले. पुढे त्यांच्या नावाने आध्यात्मिक केंद्र निघाले. तिन्ही धर्मांच्या ग्रंथांचे सहवाचन, सणांचा अर्थ समजून घेणे, क्षमा व न्याय यांविषयी शास्त्रे काय सांगतात याची चर्चा, हे त्याचे कार्य. नज्जार यांनी २०१२ साली मृत्यू येईपर्यंत या कार्याला वाहून घेतले. धर्म हाच तंट्याचे मूळ म्हणून त्याला दाराबाहेर ठेवावे असे मानणारे गावात पुष्कळ असताना, धर्मनिष्ठ माणसाला वगळून झालेला सलोखा अर्ध्या देशाला लागूच पडणार नाही, ही त्यांची भूमिका होती.

कसोटीचे प्रसंग

४ फेब्रुवारी १९९७ रोजी लेबनॉनकडे सैनिक घेऊन निघालेली दोन लष्करी हेलिकॉप्टरे एकमेकांवर आदळून ७३ जण ठार झाले. त्यांत या गावी वाढलेला एक ज्यू तरुण होता. शांतीच्या गावातील मुलाने सक्तीच्या लष्करी सेवेला रुजू व्हावे की नकार द्यावा, हा प्रश्न तोवर प्रत्येक घराचा खाजगी होता. तो एकाएकी चव्हाट्यावर आला. शोक सर्वांनाच झाला, अरब शेजाऱ्यांनी त्याला लहानाचा मोठा होताना पाहिले होते. परंतु त्याचे स्मारक गावात उभारावे हा प्रस्ताव आला तेव्हा, ज्या फौजेच्या हातून आपले आप्त मारले गेले तिच्या सैनिकाचे स्मारक आमच्या अंगणात कसे, असे पॅलेस्टिनी रहिवाशांनी विचारले. आणि आमच्या मुलाचे नाव आमच्याच गावात लिहिता येऊ नये काय, असे ज्यू रहिवाशांनी विचारले. दीर्घकाळ चाललेल्या या कटू वादानंतर, तो मुलगा जेथे खेळत असे त्या बास्केटबॉलच्या मैदानाशी एक साधा फलक लागला. कोणाचेही पूर्ण समाधान झाले नाही. परंतु त्यापायी गाव मोडले नाही.

सप्टेंबर २००० च्या अखेरीस पॅलेस्टिनींचा दुसरा उठाव पेटला आणि ऑक्टोबरमध्ये इस्रायलमधील निदर्शनांत १३ अरब पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. संयुक्त उपक्रम देशभर बंद पडू लागले, शांतिशाळेकडे येणारा ओघही आटला. २००६ च्या जूनमध्ये रॉजर वॉटर्स या विख्यात गायकाने आपला कार्यक्रम तेल अवीवहून हलवून या गावच्या शेतात केला आणि पन्नास हजारांवर श्रोते लोटले. परंतु प्रसिद्धीने रोषही ओढवतो. जून २०१२ मध्ये रात्रीच्या वेळी मोटारींची चाके फाडून भिंतींवर अरबद्वेष्ट्या घोषणा लिहिल्या गेल्या. सप्टेंबर २०२० मध्ये शांतिशाळेची वास्तू आगीच्या भक्ष्यस्थानी पडली आणि काही दिवसांतच पुन्हा आग लागली. गावकऱ्यांनी दोन्ही आगी लावलेल्या मानल्या, आणि बैठकी दुसऱ्या इमारतीत चालू ठेवल्या.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली आणि त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारो-हजारो माणसांचा संहार झाला. आयुष्यभर सलोख्यासाठी झटलेल्या विव्हियन सिल्व्हर यांचा पहिल्याच दिवशी बेएरी येथे झालेला अंत हा या चळवळीतील प्रत्येकाचा घरचा आघात होता. गावात ज्यूंच्या घरी ओलिसांची आणि मृतांची काळजी, पॅलेस्टिनींच्या घरी गाझातल्या नातलगांची आणि शब्द वावगा गेला तर नोकरी जाण्याची भीती. अशा वेळी बोलावे तरी काय, असे म्हणून पुष्कळांनी तोंड मिटले. तरीही सभा भरल्या, कधी दोन्ही समाजांच्या वेगळ्या, कधी एकत्र. आणि शाळेत दोन्ही समाजांची मुले येत राहिली.

सहप्रवासी संस्था

या गावाच्या बरोबरीने आणि त्याच्यानंतर त्याच भूमीत इतरही कार्ये उभी राहिली. गांधींच्या विचाराने प्रेरित झालेले मुबारक अवाद यांनी १९८० नंतरच्या दशकात जेरुसलेममध्ये अहिंसेच्या अभ्यासाचे केंद्र काढून कर न भरणे, उपटलेली जैतुनाची झाडे पुन्हा लावणे अशा मार्गांचा प्रचार केला, आणि जून १९८८ मध्ये त्यांस हद्दपार करण्यात आले. १९९५ साली, पुत्रवियोगाने होरपळलेले यित्झाक फ्रँकेन्थाल यांनी दोन्ही बाजूंच्या शोकग्रस्त कुटुंबांचे मंडळ स्थापले. १९९७ साली निघालेल्या ‘हातात हात’ या संस्थेने द्विभाषिक शाळांची कल्पना शहरांत नेली. २००१ पासून आंतरधर्मीय भेटींची एक संघटना स्थानिक गट चालवीत आहे. आणि २००६ पासून शस्त्रे खाली ठेवलेल्या दोन्हीकडच्या लढवय्यांची संघटना संयुक्त स्मृतिदिन पाळते. गावाने या सर्वांना जन्म दिला असा दावा करता येणार नाही; परंतु कोणत्या गोष्टी केल्या असता संवाद फसतो, याचे सर्वांत जुने दप्तर त्याच्याजवळ आहे.

समालोचन

सत्तराहून अधिक कुटुंबांचे एक गाव, एक प्राथमिक शाळा आणि एक शिक्षणकेंद्र एवढ्या भांडवलावर दोन राष्ट्रांचा तंटा मिटावा अशी अपेक्षा कोणी शहाणा करणार नाही. आणि मिटला नाही म्हणून संस्थेला दोष देणेही न्याय्य नव्हे. तिच्यावर दोन्हीकडून होणारे आक्षेप मात्र लक्षात घेण्याजोगे आहेत. ज्यू टीकाकार म्हणतात, शत्रूची बाजू तिने घरात आणून बसविली. पॅलेस्टिनी टीकाकार म्हणतात, पश्चिम किनारपट्टीवरील लष्करी अंमल तसाच ठेवून समतेचा एक शोभिवंत नमुना तिने जगाला दाखविला आणि जुलूम सुसह्य केला. दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि गावातील पॅलेस्टिनी रहिवाशांनीच तो सभांतून पुनःपुन्हा मांडला आहे. त्याला संस्थेने दिलेले उत्तर तिच्या कृतींतच शोधावे लागते : स्नेहसंमेलनांचा मार्ग सोडून हुज्जतीची पद्धत स्वीकारणे, भाषेच्या उण्यावर बोट ठेवणे, स्मारकाचा वाद दडपून न टाकणे. सद्भाव पुष्कळांजवळ असतो. समता ही खुर्च्यांच्या मांडणीपासून वेळापत्रकापर्यंत मुद्दाम घडवावी लागते आणि घडविल्यावरही बाहेरचा वारा तिला दररोज बिघडवीत असतो, हा या पन्नास वर्षांचा निष्कर्ष आहे. धर्म, जात आणि भाषा यांच्या सीमा ओलांडून शेजार करू पाहणाऱ्या आपल्याकडील कार्यकर्त्यांनी या संस्थेपासून काही घ्यावयाचे असेल तर ते हेच, की एकत्र बसण्याचा कार्यक्रम आखताना कोण कोणाच्या भाषेत बोलणार आहे, याचा विचार आमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वी करावा.